भेग दिसली, तर रस्ता आधी बंद!

बालमित्रांनो, शाळेत जाताना तुम्हांला मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? मग पुढचा प्रसंग तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे. एका हातात डब्याची पिशवी, दुसरा हात आईच्या हातात. उजवीकडे बघायचं, डावीकडे बघायचं, एक पाऊल पुढे टाकायचं, तेवढ्यात कुठून तरी एक स्कूटर सुळकन येते आणि आपण पुन्हा मागे! अशा वेळी मनात येतंच, की इथे डोक्यावरून एक पूल असता तर किती बरं झालं असतं!

आज आपण अशाच पुलांबद्दल बोलणार आहोत. पायी चालणाऱ्यांसाठी बांधलेले, वाहत्या रस्त्यावरून जाणारे पूल. ते आखतात कसे, बसवतात कसे, आणि एका पुलाच्या बाबतीत काय चुकलं, हे सगळं पाहू या. आजची गोष्ट थोडी दुःखाची आहे, पण ती माहीत असायलाच हवी अशी आहे. वाचून झाली की अंक घरातल्या मोठ्यांच्याही हातात द्या.

आधी पायांचा विचार

पूल आखायला बसलेला इंजिनिअर सर्वांत आधी कशाचा विचार करत असेल? लोखंडाचा? सिमेंटचा? नाही. आधी विचार करायचा तो पायांचा!

पुलाखालून उंच ट्रक आणि बस आरामात गेल्या पाहिजेत. त्यासाठी आपल्याकडे शहरातल्या रस्त्यावर साधारण ५.५ मीटर उंची मोकळी ठेवतात. त्यात पुलाची स्वतःची जाडी मिळवा. म्हणजे चालणाऱ्याला जवळजवळ ६ मीटर वर चढायचं आहे. जिन्याची एक पायरी १५ सेंटिमीटरची धरली, तर किती पायऱ्या होतील? करा बरं हिशेब. बरोबर, ४०! तुम्ही त्या धावत चढाल. पण गुडघे दुखणारी आजी? भाजीच्या दोन जड पिशव्या घेतलेली काकू? चाकांच्या खुर्चीवरचा तुमचा मित्र? खुर्चीसाठी उतार करायचा, तर तो अगदी बेताचा हवा. १ मीटर चढायला १२ मीटर लांबी, हे त्याचं नेहमीचं प्रमाण. मग ६ मीटरसाठी ७२ मीटरचा उतार झाला. तेवढी जागा नसेल तर लिफ्ट हवी. यातलं काहीच केलं नाही, तर पूल वर रिकामा उभा आणि माणसं खाली गाड्यांमधून पळताहेत, असं होतं.

दुसरा प्रश्न वजनाचा. पूल गर्दीनं गच्च भरला तर? आता एक गंमत करा. अंगणात खडूनं १ मीटर लांब आणि १ मीटर रुंद असा चौकोन आखा आणि त्यात किती मित्र उभे राहतात ते मोजा. इंजिनिअर पुलाच्या अशा प्रत्येक चौकोनावर साधारण ४०० ते ५०० किलो वजन येईल असं धरूनच चालतात. रोज एवढी गर्दी नसते हे त्यांना ठाऊक असतं. पण मिरवणुकीच्या दिवशी असेल, पावसाची सर आली की असेल. ज्या दिवशी ती होईल, त्या दिवशी पुलानं 'मला जमणार नाही' म्हणून कसं चालेल?

लंडनचा डुलणारा पूल

तिसरी गोष्ट मोठमोठ्या इंजिनिअरांच्याही ध्यानात आली नव्हती. ती त्यांना लंडनच्या एका पुलानं शिकवली. थेम्स नदीवर खास पायी चालणाऱ्यांसाठी 'मिलेनियम ब्रिज' बांधला गेला. १० जून २००० रोजी तो खुला झाला. हजारो माणसं हौसेनं चालायला आली, आणि पूल चक्क डावीकडून उजवीकडे डुलायला लागला!

असं का झालं? आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाबरोबर शरीर थोडं डावीकडे आणि थोडं उजवीकडे झुकतं. त्याचा हलकासा धक्का जमिनीला बसतो. घरातल्या फरशीला त्याचं काहीच वाटत नाही. हा पूल मात्र बारीक आणि लवचिक होता. तो जरासा हलला, की तोल सांभाळायला माणसं पाय फाकवून आणि पुलाच्या तालावर पावलं टाकायची. त्यामुळे पूल आणखी डुलायचा. झोपाळ्याला योग्य वेळी हलके हलके धक्के दिले की तो कसा उंच जातो? अगदी तस्सं!

मग काय केलं? दोन दिवसांत पूल बंद केला. लोक हसले. वर्तमानपत्रांनी टिंगल केली. एवढा खर्च, एवढा गाजावाजा, आणि पूल डुलतोय! पण इंजिनिअरांनी लाज बाळगली नाही. त्यांनी पुलावर माणसं चालवून मोजमापं घेतली, हलणं जिरवून टाकणारी उपकरणं बसवली, आणि फेब्रुवारी २००२ मध्ये पूल पुन्हा खुला केला. आज त्यावरून लोक मजेत फिरतात. कुणाला खरचटलंही नाही.

'बंद केला' हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. आपल्याला पुढे लागणार आहेत.

वाहत्या रस्त्यावर पूल कसा बसवायचा?

आता खरी अडचण. रस्त्यावर चोवीस तास गाड्या धावताहेत. त्यांच्या डोक्यावर स्लॅब घालायचा, तर आधी खालून सेंटरिंग लावावं लागतं. म्हणजे टेकू उभे करून त्यावर साचा बांधायचा. ते महिनोन् महिने रस्त्यात उभं राहणार. मग गाड्यांनी जायचं कुठून?

यावर इंजिनिअरांनी एक छान युक्ती काढली आहे. पूल रस्त्याच्या कडेलाच बांधायचा. तयार झाला की एखाद्या रात्री किंवा सुटीच्या दिवशी रस्ता थोडा वेळ बंद ठेवायचा, मोठ्या क्रेननं किंवा पुष्कळ चाकांच्या सपाट गाड्यांवरून पूल आणायचा आणि खांबांवर ठेवून द्यायचा. लोखंडी गर्डर असा रातोरात बसवलेला तुमच्यापैकी कुणी पाहिलाही असेल. सकाळी लोक बघतात तो काय, काल नव्हता तो पूल आज आहे!

अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यात मायामी शहराजवळ असाच एक पूल बसवायचं ठरलं. तिथे एक मोठं विद्यापीठ आहे. त्याच्यासमोर आठ पदरी रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे स्वीटवॉटर नावाचं गाव. त्या गावात हजारो विद्यार्थी राहतात. रोज ये-जा करताना हा रस्ता ओलांडावाच लागे. ऑगस्ट २०१७ मध्ये रस्ता ओलांडताना गाडीखाली येऊन तिथल्या एका विद्यार्थिनीचा जीव गेला. पुलाची योजना त्याआधीच हाती घेतलेली होती. आता तर पूल हवाच, असं सगळ्यांना वाटू लागलं.

रस्त्यावरचा मुख्य भाग ५३ मीटर लांब होता आणि त्याचं वजन ९५० टन होतं. तो काँक्रीटचा होता, रस्त्याच्या कडेला बांधलेला. शनिवार, १० मार्च २०१८ रोजी रस्ता बंद ठेवून चाकांच्या खास गाड्यांनी तो उचलला, वळवून आणला आणि खांबांवर ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाले.

पाच दिवसांनी, गुरुवार, १५ मार्च रोजी दुपारी पावणेदोनच्या सुमारास तो कोसळला. वर कामगार काम करत होते. खाली सिग्नलला गाड्या थांबल्या होत्या. एक कामगार आणि गाड्यांमधली पाच माणसं, अशी सहा माणसं गेली. त्यांत त्याच विद्यापीठाची एक विद्यार्थिनी होती. जिच्यासारख्यांना रस्ता सुखरूप ओलांडता यावा म्हणून पूल बांधला जात होता, तीच त्याच्याखाली सापडली.

पुलावरून अजून एकही विद्यार्थी चाललेला नव्हता. गर्दीचं ओझं तर राहोच, पुलाला स्वतःचंच वजन पेललं नाही.

नेमकं चुकलं काय?

हे समजायला तीन छोटे प्रयोग करू या.

पहिला प्रयोग. आइस्क्रीमच्या चार काड्या टाचण्यांनी जोडून चौकोन करा. एका कोपऱ्याला ढकला. तो लगेच तिरका होतो. आता तीन काड्यांचा त्रिकोण करून तसंच ढकला. तो मुळीच हलत नाही! म्हणून पुलाचा सांगाडा बहुतेक वेळा त्रिकोणांचा असतो. तिरक्या आणि उभ्या दांड्या वजन खांबांपर्यंत पोचवतात. मायामीच्या पुलातही तिरक्या दांड्या होत्या. खाली चालायचा स्लॅब, वर छप्पर, आणि दोहोंच्या मधोमध दांड्यांची रांग. पण रांग एकच! आपण कपडे वाळत घालतो त्या दोरीसारखं समजा. दोन दोऱ्यांवर टाकलेली चादर एक दोरी तुटली तरी दुसरीवर लोंबकळत राहते. एकच दोरी असेल आणि तीच तुटली, तर चादर थेट जमिनीवर. या पुलाला दुसरी दोरी नव्हती.

दुसरा प्रयोग. पाच-सहा पुस्तकं आडवी एकमेकांना चिकटवून दोन्ही तळहातांनी घट्ट दाबा आणि उचला. खालून आधार नसताना ती उचलली जातात ना? दाब सैल करा, सगळी खाली. काँक्रीटचंही असंच असतं. दाब सोसायला ते पहिलवान, पण ओढलं की लगेच तडकतं. म्हणून त्याच्या आत पोलादी सळया घालून त्या ताणतात. ताणलेल्या सळया काँक्रीटला तुमच्या तळहातांसारख्या दाबून धरतात.

तिसरा प्रयोग मनातल्या मनातच करा, प्रत्यक्ष नको! गुळगुळीत फरशीवर शिडी भिंतीला टेकवून ठेवली आहे आणि तिच्यावर कुणी चढतंय. शिडीचा पाय काय करेल? बाहेरच्या बाजूला सरकेल. तिरकी वस्तू नुसतं खाली दाबत नाही, बाहेरही ढकलते. म्हणून तर खाली एक जण शिडीला पाय लावून उभा राहतो.

पुलाच्या उत्तर टोकाला असलेल्या एका तिरक्या दांडीचं तसंच होतं. तिचा पाय स्लॅबला जिथे जोडलेला होता, तो सांधा त्या 'बाहेर ढकलण्याला' पुरेल एवढा मजबूत नव्हता. आराखड्याच्या हिशेबात त्या सांध्यावरचं ओझं कमी धरलं गेलं आणि त्याची ताकद जास्त धरली गेली. गणितात हातचा धरायचा राहिला तर आपला एक गुण जातो. इथे तसं नव्हतं. ज्यांनी हा हिशेब पुन्हा तपासायचा, त्यांच्याही नजरेतून ही चूक सुटली.

भेग बोलत होती

मित्रांनो, आता आजच्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आला. पूल न सांगता पडला नाही. त्यानं आधी सांगितलं होतं!

पूल रस्त्याच्या कडेला होता आणि त्याचे टेकू काढले, तेव्हाच त्या सांध्याजवळ भेगा दिसल्या होत्या. पूल खांबांवर ठेवल्यावर त्या वाढल्या. तिथल्या लोकांनी त्यांचे फोटो काढले, ते एकमेकांना पाठवले. १३ मार्चला आराखडा करणाऱ्यांपैकी एका इंजिनिअरनं सरकारी खात्यातल्या एका अधिकाऱ्याला फोन केला. अधिकारी जागेवर नव्हते, म्हणून निरोप यंत्रात बोलून ठेवला: भेगा आहेत, दुरुस्ती करावी लागेल, पण सुरक्षेचा प्रश्न दिसत नाही. अधिकारी बाहेरगावच्या कामावरून परतले आणि तो निरोप त्यांनी १६ मार्चला ऐकला. म्हणजे पूल पडल्यावर दुसऱ्या दिवशी.

१५ मार्चच्या सकाळी बैठक झाली. आराखडा करणारे, बांधणारे, देखरेख करणारे, सगळ्यांचे लोक होते. धोका नाही, असंच ठरलं. त्या तिरक्या दांडीतल्या सळया पुन्हा ताणाव्यात, म्हणजे भेगा आटोक्यात येतील, असं वाटलं. दुपारी ताणायला सुरुवात झाली. पण शिडीचा पाय सरकत असताना वरून आणखी दाब दिला तर काय होईल? तेच झालं. दांडीचा पाय सांध्यातून निसटला आणि पूल खाली आला.

अमेरिकेत अशा अपघातांचा तपास करणारं एक राष्ट्रीय मंडळ आहे. त्यानं दीड वर्ष कसून चौकशी केली. सर्वसाधारणपणे चालतील अशा भेगांच्या ४० पट मोठ्या भेगा त्या पुलाला पडल्या होत्या, असं मंडळानं सांगितलं. काँक्रीटमधली भेग किती रुंद असली तर चालते, ठाऊक आहे? आपल्याकडे ती मर्यादा साधारण ०.३ मिलिमीटर धरतात. वहीचे तीनेक कागद एकावर एक ठेवले की जेवढी जाडी होते, तेवढीच! त्याच्या ४० पट म्हणजे किती, ते तुम्हीच फूटपट्टीवर बघा.

मग प्रश्न पडतो. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांनी भेग बघितली, तरी रस्ता पूर्ण बंद का नाही केला? रस्ता बंद करायचा अधिकार एकाला नाही, अनेकांना होता. आणि तिथेच घोटाळा झाला. आपल्या वर्गातला नळ गळत असतो. चाळीस मुलं रोज बघतात. प्रत्येकाला वाटतं, मॉनिटरनं सरांना सांगितलं असेल. मॉनिटरला वाटतं, सरांना दिसतच असेल. महिना जातो आणि नळ गळतच राहतो. सगळ्यांनी बघितलं, म्हणून कुणीच काही केलं नाही. शिवाय रस्ता बंद केला की गाड्या तुंबणार, लोक चिडणार, काम लांबणार, नाव खराब होणार. 'थांबा' म्हणणं फार अवघड असतं हो!

आता लंडनच्या पुलाकडे पुन्हा बघा. तिथेही इंजिनिअर चुकलेच होते. पण पूल विचित्र वागायला लागल्याबरोबर त्यांनी तो बंद केला आणि मग शांतपणे कारण शोधलं. मायामीत कारण शोधत राहिले आणि रस्ता चालू ठेवला. चूक दोन्हीकडे झाली. फरक पडला तो 'आधी बंद, मग विचार' एवढ्याच नियमानं.

आणि आपल्याकडे?

हे सारं दूर देशात घडलं, असं म्हणून पान उलटू नका. मायामीच्या अपघाताला बरोबर वर्ष व्हायला एक दिवस बाकी होता. १४ मार्च २०१९, संध्याकाळची घरी जायची वेळ. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या हिमालय पुलाचा स्लॅब खचला आणि माणसं खालच्या रस्त्यावर पडली. काहींचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले. त्या वेळी सिग्नल लाल होता, म्हणून पुलाखाली गाड्यांची गर्दी नव्हती, असं वर्तमानपत्रांत आलं होतं. नाहीतर अनर्थ आणखी वाढला असता. या पुलाची तपासणी झालेली होती आणि किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरायला योग्य ठरवला गेला होता. तिथे नवा पूल लोकांसाठी खुला व्हायला २०२३ साल उजाडलं.

मायामीचा पूल नवाकोरा, हिमालय पूल जुना. एकाचा हिशेब चुकला, दुसऱ्याची तपासणी. पण दोन्हीकडे पुलावर आणि पुलाखाली असलेल्या साध्यासुध्या माणसांना काहीच कल्पना नव्हती. त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवला होता. आपणही रोज ठेवतो. पुलावर पाय टाकताना कुणी हिशेबाची वही मागत नाही. म्हणून ज्यांच्या हातात ती वही आहे, त्यांनी ती दोनदा तपासायची, आणि मनात शंका आली की आधी माणसं बाजूला काढायची.

तर या रविवारी एक काम करा. आई-बाबांना बरोबर घ्या आणि आपल्या गावातला एखादा पादचारी पूल नीट बघून या. बघायचं ते पुलावरून किंवा फुटपाथवरून. त्यासाठी रस्त्यात मुळीच उतरायचं नाही. पायऱ्या मोजा. आजीला चढता येईल का, ते बघा. कठड्याला गंज आहे का? काँक्रीट निघून आतली सळई उघडी पडली आहे का? गिलाव्यावरची केसासारखी बारीक रेघ बघून घाबरायचं कारण नाही. पण भेग रुंद असेल, किंवा मागच्या महिन्यापेक्षा वाढली असेल, तर ती साधी गोष्ट नाही. घराच्या भिंतीला भेग असेल, तर तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीनं बारीक खूण करा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात भेग खुणेच्या पुढे गेलेली दिसली, तर समजा की ती वाढते आहे.

असं काही आढळलं, तर मोठ्यांना सांगा. पालकांनो, तुम्ही नगरपालिकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. नुसता निरोप ठेवून थांबू नका. तो कुणी ऐकला का, हेही विचारा. मायामीचा तो निरोप आठवा!

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या इंजिनिअर होईल, पूल बांधेल. खुशाल सुंदर पूल बांधा, उंच बांधा. पण तुमच्या पुलाला भेग पडलेली दिसली आणि आजूबाजूचे सगळे 'काही होत नाही' म्हणत असले, तर एवढं मात्र करा. खाली उतरा, रस्त्याच्या दोन्ही तोंडांना आडवे बांबू लावा आणि सांगा, "थांबा. आधी बघू, मग जाऊ." तुम्ही चुकलात, तर लोक चार दिवस हसतील. हसू द्या. लंडनलाही हसले होते.